‘स्मोकी टोपाझ’ म्हणून विकला जाणारा खडा नेमका कोणता?

ऑनलाइन दागिने पाहताना धुरकट तपकिरी रंगाचा ‘स्मोकी टोपाझ’ तुम्हाला दिसला असेल. बहुतेक वेळा तो टोपाझ नसतोच. तो असतो स्मोकी क्वार्ट्झ, म्हणजे आपल्या गारगोटीचाच भाऊबंद!

रंग कशामुळे येतो?
क्वार्ट्झमध्ये ॲल्युमिनियमचा अंश असेल आणि आजूबाजूच्या खडकांतला नैसर्गिक किरणोत्सर्ग दीर्घकाळ मिळाला, तर तो तपकिरी ते काळा होतो. प्रयोगशाळेतही किरणोत्सर्ग देऊन हा रंग आणतात. खडा जास्त तापवला तर रंग उडतो.

वापर कुठे होतो?
अंगठी, पेंडंट, माळांमध्ये. स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म डोंगरांत सापडणारा हा खडा ‘केर्नगॉर्म’ याच नावाने ओळखला जातो. तिथल्या पारंपरिक पोशाखातले ब्रोच आणि खंजिरांच्या मुठी त्याने सजवतात. चीनमध्ये पूर्वी याच्या चपट्या काचा करून गडद चष्मे बनवत.

फरक कसा ओळखायचा?
मोह्स मापनावर क्वार्ट्झची कठीणता 7, टोपाझची 8. घनता अनुक्रमे सुमारे 2.65 आणि 3.5. त्यामुळे त्याच आकाराचा टोपाझ जड भरतो आणि सहसा महागही असतो. म्हणून पैसे देण्याआधी बिलावर खड्याचं खरं नाव लिहून घ्या. महागडा खडा असेल तर लॅबचं प्रमाणपत्रही मागा.