नदीकाठच्या कारखानी गावाचे विहंगम चित्र

गावाचा इतिहास केवळ सनदांत व कैफियतींत असतो असे नव्हे. तो नकाशांतही असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत वाढत्या गावांची विहंगम चित्रे काढण्याची प्रथा फार होती. चित्रकार गल्लोगल्ली पायी हिंडून इमारतींची रेखाटने करी आणि उंचावरील पक्ष्यास दिसावे तसे सारे गाव एका कागदावर मांडी. खर्च बहुधा वर्गणीतून निघे. म्हणून वर्गणीदारांचे वाडे व कारखाने पुष्कळदा चित्राच्या कडेस ठळकपणे काढलेले असत. धुराड्यांतून धूर निघताना दाखवीत, कारण धूर हे भरभराटीचे चिन्ह मानले जाई.

मेरिमॅक नदीवरील लॉवेल या गिरणगावाचे असे चित्र बेली व हेझन यांनी १८७६ साली प्रसिद्ध केले. तेथे सुमारे ३२ फुटांच्या धबधब्याचे पाणी कालव्यांनी नेऊन गिरण्या चालवीत. मजुरी कापली म्हणून १८३४ साली तेथील कामगार मुलींनी संप केला होता. त्या गिरण्यांना दीर्घकाळ पुरवला गेलेला कापूसही दक्षिणेकडील गुलामांनी पिकविलेला होता. उंचावरून काढलेल्या चित्रात या गोष्टी कशा दिसाव्यात?

आता आपल्याकडे वळू. आपला आजरा महाल ज्या इचलकरंजी जहागिरीत होता, तिचे मुख्य ठाणे पंचगंगेकाठी. नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या कारकिर्दीत, त्यांच्या उत्तेजनाने, विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली तेथे पहिला यंत्रमाग सुरू केला. पुढे त्या गावास महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणू लागले. हा लौकिक जहागीरदार व कारखानदार यांच्या नावांबरोबरच माग चालविणाऱ्या हातांचाही आहे, आणि आपल्या विणकर ज्ञातीस हे निराळे सांगावयास नको.

म्हणून आमची ज्ञातिबांधवांस विनंती आहे की, आपापल्या गल्लीचा साधा नकाशा काढावा. कोणाच्या सोप्यात हातमाग होता, यंत्रमाग कोणत्या साली आला, सुतास खळ कोठे देत, कांड्या भरणाऱ्या स्त्रिया कोठे बसत, हे वडीलधाऱ्यांस विचारून त्यात लिहावे. वर्गणी दिली असो वा नसो, प्रत्येक घर त्यात यावे. हे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. तेव्हा हे काम पुढील स्मरणिकेपूर्वीच व्हावे.