जुनी मोटार दूरवर नेताना : बुऱ्हाणपूरच्या वाटेवरील काळजी

तापीकाठचे बुऱ्हाणपूर हे महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवरील जुने शहर. दक्षिणेकडून इंदूरला जाणाऱ्या रस्त्याने इच्छापूर ओलांडले की हे शहर लागते आणि पुढे असीरगडाच्या पायथ्याशी सातपुड्याचा घाट सुरू होतो. मुंबईहून भुसावळ, बुऱ्हाणपूर, खांडवा असा लोहमार्गही येथूनच जातो. गोव्यातून माळव्याकडे जुनी मोटार न्यायची असेल, तर पुणे, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, बुऱ्हाणपूर हा एक सोयीचा मार्ग आहे. बुऱ्हाणपूरपर्यंतचे अंतर नऊशे ते हजार किलोमीटर भरते.

संग्राह्य मोटारींचा प्रवास या प्रदेशाला नवा नाही. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीच्या चॅसीवर लंडनच्या गर्नी नटिंग या प्रसिद्ध कारखान्याकडून बॉडी बांधून घेतली होती. एका मोटारीसाठी दोन महासागर ओलांडले गेले. पुढे हीच गाडी पुन्हा अमेरिकेत पोहोचली. त्या काळी मुंबई बंदरात उतरलेला माल या लोहमार्गाने इंदूरकडे निघाला की खांडव्याला ब्रॉडगेजवरून मीटरगेजवर चढवावा लागे. खांडवा-इंदूर या मार्गासाठी तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले होते. जिथे माल एका वाहनातून दुसऱ्यात जातो, तिथेच तो खरचटण्याची भीती अधिक असते. हे सूत्र आजही बदललेले नाही.

कायद्याची बाजू आधी पाहणे इष्ट. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात येतात. चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले वाहन या वर्गात बसत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे वैध राहते. क्रमांकपट्टीवर राज्याच्या संकेताक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी नित्य वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल एवढ्यापुरतीच मुभा आहे. प्रदर्शनाला किंवा रॅलीला जाण्या-येण्यासाठी ती चालवता येते. तरीही हजार किलोमीटर स्वतःच्या चाकांवर नेण्यात शहाणपण नाही. एखादा मूळ सुटा भाग घाटात निकामी झाला, तर तो बाजारात मिळेलच असे नाही.

वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे असल्यास तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ राज्याच्या वाहतूक खात्याचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक असते. केवळ रॅलीपुरती गाडी नेताना नोंदणीपुस्तिका, विमापत्र व मालकाचे अधिकारपत्र यांच्या प्रती ट्रकचालकाजवळ द्याव्यात आणि मूळ कागद मालकाने स्वतःजवळ ठेवावेत.

विमा हा दुसरा महत्त्वाचा भाग. वयानुसार घटत जाणाऱ्या किमतीचा हिशेब संग्राह्य मोटारीला लागू पडत नाही. म्हणून मूल्यांकन करून घेऊन, ठरलेल्या किमतीवर वाहतुकीच्या काळाचा स्वतंत्र विमा उतरवावा. चढवताना आणि उतरवताना होणारे नुकसान त्यात धरलेले आहे का, हे लेखी विचारावे.

वाहतुकीसाठी बंदिस्त ट्रक सर्वांत सुरक्षित. बुऱ्हाणपूरचा परिसर केळीचा असल्याने या रस्त्यावर मालवाहू गाड्यांची वर्दळ मोठी असते. उघड्या ट्रकवर धूळ आणि उडणारे खडे यांपासून रंगाचा बचाव होत नाही. उन्हाळ्यात तापीचे खोरे चाळीस अंशांपलीकडे तापते आणि त्याने जुने रबर, चामडे व लाकूड यांना तडे जातात. पावसाळ्यात गोव्याकडील घाट निसरडे असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यामुळे योग्य ठरतो.

गाडी चढवण्यापूर्वी टाकीत थोडेच इंधन ठेवावे, बॅटरीची जोडणी सोडावी आणि तेलाची गळती तपासावी. उतरंडीची फळी लांब व कमी चढाची असावी. पट्टे टायरांवरून बांधावेत. बंपर किंवा नाजूक सांध्यांना अडकवू नयेत. प्लास्टिकचे आच्छादन ओल धरून ठेवते, म्हणून सुती कापड वापरावे. गाडीची चारही बाजूंनी, आतून आणि खालून छायाचित्रे घ्यावीत. चॅसी व इंजिन यांचे क्रमांक टिपून ठेवावेत. मुक्कामी पोहोचल्यावर याच छायाचित्रांशी गाडी ताडून पाहावी आणि मगच पोचपावतीवर सही करावी. ओरखडा दिसल्यास त्याची नोंद पावतीवरच करावी, कारण मागाहून केलेली तक्रार सिद्ध करणे कठीण जाते.

नवी मोटार मोडली तर दुसरी घेता येते. पन्नास वर्षे जपलेल्या मोटारीचे मोल मात्र तिच्या मूळपणात असते आणि तो एकदा गेला की दुरुस्तीने परत येत नाही. वाहतुकीवरचा खर्च ठरवताना हेच ध्यानात ठेवावे.