खिळा

खिळा म्हटले की कोणाच्याही डोळ्यांपुढे भिंत आणि हातोडा येतो. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आमचे अण्णा येतात. तालुक्याच्या गावी एका छापखान्यात ते खिळे जुळवीत. शिसे, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रणाचा एकेक खिळा आणि त्याच्या माथ्यावर उलटे अक्षर!

संस्कृतातले 'कील' हे या शब्दाचे मूळ. धरून ठेवणे, हलू न देणे हा त्याचा धर्म. कामाला खीळ बसते, धनुर्वातात दातखीळ बसते, दुखणाईत अंथरुणाला खिळतो आणि कसलेला कीर्तनकार श्रोत्यांना खिळवून ठेवतो. रामरक्षेच्या आरंभी हनुमंताला कीलक म्हटले आहे, तेही याच कुळातले.

मग छापखान्यातला खिळा या कुळात वेगळा का वागतो? तो तर एका जागी राहतच नाही! नाना फडणिसांच्या प्रेरणेने पुण्यात तांब्याच्या पत्र्यांवर गीता कोरण्याचे काम सुरू झाले आणि १८०५ साली ती मिरजेस छापली गेली. पण त्या पत्र्यांतून गीतेवाचून दुसरे काही निघणे शक्य नव्हते. त्याच वर्षी बंगालमधील श्रीरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण निघाले. त्यातली नागरी अक्षरे सुट्या खिळ्यांची होती. सुटा 'ग' आज व्याकरणात, तर उद्या गीतेत.

छापून झालेले पान सोडून अण्णा एकेक खिळा ज्याच्या त्याच्या घरात टाकीत. लहानपणी मी एकदा विचारले, "अण्णा, जुळवलेलं मोडता कशाला?"

"उद्याच्या लग्नपत्रिकेला 'ग' कमी पडतील रे," ते म्हणाले.

पुढे संगणक आला, छापखाना बंद पडला. खिळे मोडीत, वजनावर गेले. माझी पहिली कादंबरी निघाली ती एकाही खिळ्यावाचून. अण्णांनी पानाच्या पाठीवरून बोट फिरवून पाहिले. खिळ्यांचा दाब हाताला लागला नाही. काही न बोलता त्यांनी चष्मा लावला.

चार दिवसांनी पुस्तक परत देत म्हणाले, "तिसऱ्या प्रकरणात 'खीळ' ऱ्हस्व पडली आहे."

वर्गात मुलांना शुद्धलेखन घालणारा मी, मान खाली घालून उभा राहिलो.