सौर संच, घरगुती : जोडणी-मंजुरीनंतरचे फेरबदल

छतावरील सौर संच वितरण कंपनीच्या जाळ्याला जोडण्याची मंजुरी मिळाल्यानंतर मूळ आराखड्यात केलेले बदल. पॅनेलचे मॉडेल, संख्या वा मांडणी, इन्व्हर्टरची क्षमता आणि बॅटरीची भर हे त्यांतले नेहमीचे. अर्ज आणि उभारणी यांमध्ये बराच काळ जातो. तेवढ्यात ठरलेले मॉडेल बाजारातून नाहीसे होते, किंवा शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली काम सुरू झाल्यावर लक्षात येते.

बदल किती गंभीर, हे मुख्यतः तो इन्व्हर्टरच्या कोणत्या बाजूला, पॅनेलच्या की जाळ्याच्या, आहे यावर ठरते. ३ किलोवॉटच्या इन्व्हर्टरला ५४० वॉटची सहा पॅनेल जोडायची ठरली आणि प्रत्यक्षात ५९० वॉटची आली, तर पॅनेलची क्षमता ३.२४ वरून ३.५४ किलोवॉट होते. जाळ्यात जाणारी वीज मात्र इन्व्हर्टरच्या मर्यादेतच राहते. कंपनीच्या दृष्टीने हे किरकोळ. तरीही तपासणीला छत आणि आराखडा जुळावे लागतात, त्यामुळे सुधारित आराखडा आधीच दिलेला बरा. खरी काळजी वेगळीच आहे. थंडीत पॅनेलचे व्होल्टेज वाढते. एका ओळीतल्या सर्व पॅनेलची बेरीज इन्व्हर्टरच्या कमाल मर्यादेपलीकडे गेली तर तो निकामी होऊ शकतो. मॉडेल बदलले की हे गणित पुन्हा मांडावेच लागते.

सावलीवर तोडगा म्हणून प्रत्येक पॅनेलखाली मायक्रोइन्व्हर्टर बसवला, तर एसी वायरिंग छतावरूनच सुरू होते, संरक्षक उपकरणे बदलतात आणि सिंगल लाइन डायग्राम नव्याने काढावा लागतो. बॅटरीचेही तसेच. जाळ्यातली वीज गेली की साधा इन्व्हर्टर बंद पडतो, म्हणजे तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला धोका राहत नाही. बॅटरीसाठी लागणारा हायब्रिड इन्व्हर्टर मात्र घर जाळ्यापासून तोडून आतला पुरवठा चालू ठेवतो. पॅनेल तेवढीच राहिली, तरी इन्व्हर्टर दुसरा आला.

क्षमता वाढवण्याबाबत भारतात फेब्रुवारी २०२४ पासून बरीच मोकळीक आहे. वीज ग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीनुसार १० किलोवॉटपर्यंतचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक व्यवहार्यता न तपासता मान्य समजला जातो, आणि गरजेप्रमाणे मंजूर भारही कंपनीनेच वाढवायचा असतो. ५ किलोवॉटपर्यंत जाळे सक्षम करण्याचा खर्चही कंपनीवर. त्यामुळे ३ चे ५ किलोवॉट करणे सोपे. ९ चे ११ केले की व्यवहार्यतेची तपासणी आलीच.

अनुदानाचे गणित निराळे. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे कमाल ७८,००० रुपये मिळतात. पण क्षमता मोजताना पॅनेल आणि इन्व्हर्टर यांपैकी जी कमी ती धरतात. ३ किलोवॉटच्या इन्व्हर्टरवर ५५० वॉटची चारच पॅनेल बसली तर हिशेब २.२ किलोवॉटचा होतो आणि अनुदान ६३,६०० रुपयांवर येते. देशी घटाच्या पॅनेलऐवजी स्वस्त आयात पॅनेल लावली, तर तेही जाते. तंत्राच्या दृष्टीने क्षुल्लक ठरलेला बदल खिशाला इथे जाणवतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात अशा बदलाने दराची पद्धतच पालटू शकते. तेथे १४ एप्रिल २०२३ पर्यंत अर्ज केलेल्यांना जुनी नेट मीटरिंग पद्धत २० वर्षे मिळते. त्यानंतरच्यांना जाळ्यात दिलेल्या विजेचा मोबदला बराच कमी. जुन्या पद्धतीतल्या ग्राहकाला १० टक्के किंवा १ किलोवॉट, यांपैकी जे अधिक तेवढी वाढ करता येते. त्याहून जास्त केल्यास जुना दर टिकवणे कठीण. बॅटरी जोडल्याने मात्र तो हक्क जात नाही.