लेकाकडं कायमचं जायचं तर…

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, इतिवृत्त लिहून झालं, तरी एक काकू उठेनात. त्यांचा मुलगा कॅनडात असतो. तो म्हणतो, "आई, आता एकटी राहू नको. शेत विकून टाकू, तू कायमची इकडं ये." शहरातल्या एका एजंटानं तर व्हिसाचं काम दोन महिन्यांत होतं असं सांगून टाकलेलं. काकूंनी आम्हाला एवढंच विचारलं, "तिकडं मरेपर्यंत राहू देतात का?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. मग आम्ही शोधायला बसलो. जे सापडलं ते आज सांगतो.

परक्या राज्यात जाऊन राहणं आपल्या भागाला नवं नाही. 1948 पर्यंत अक्कलकोट हे संस्थान होतं आणि दुधनीच्या पुढं, आळंद-गुलबर्ग्याकडं, निजामाचं राज्य. तिकडं नाणंसुद्धा वेगळं, हाली शिक्का. नाक्यावर करोडगिरी म्हणजे जकात भरावी लागे. पण लेक पलीकडं दिलेली असली आणि म्हातारी अव्वा तिच्याकडं राहायला निघाली, तर चौकशी व्हायची ती गाडीतल्या मालाची. अव्वा किती दिवस राहणार, हे कोण विचारणार? रझाकारांच्या धामधुमीचा काळ तेवढा वेगळा.

समुद्रापलीकडंही एकेकाळी असंच होतं. 1883 मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला शिकायला गेल्या, तेव्हा त्यांना व्हिसा लागला नाही. त्यांना त्रास झाला तो आपल्याच लोकांच्या बोलण्याचा. पहिल्या महायुद्धात देशादेशांनी दारं लावून घेतली आणि आपल्याकडं 1920 मध्ये पासपोर्टचा कायदा आला. अमेरिकेनं तर पुढं भारतीयांना जवळजवळ बंदीच केली होती. 1946 मध्ये थोडी फट उघडली, वर्षाला 100 भारतीय!

मोठं दार उघडलं 1965 च्या कायद्यानं. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक असेल आणि 21 वर्षांची झाली असेल, तर आईवडिलांना वर्षाच्या ठरलेल्या आकड्यात न अडकता बोलावता येतं. हा नियम आजही आहे. मात्र मुलाकडं नुसतं ग्रीन कार्ड असेल तर चालत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. 1996 च्या कायद्यापासून मुलाला आईच्या खर्चाची हमीही लिहून द्यावी लागते. आणि ग्रीन कार्ड मिळालेली आई गावाकडं येऊन वर्षच्या वर्ष राहिली, तर ते कार्ड हातचं जाऊ शकतं. म्हणजे एक पाय इकडं, एक तिकडं, असं जमत नाही.

इंग्लंडचं ऐकून आम्ही गप्पच झालो. पूर्वी 65 वर्षांवरचे आईवडील मुलांच्या आधारावर जगत असतील, तर त्यांना कायमचं जाता येत असे. पैसेवाल्या निवृत्तांसाठी वेगळा व्हिसा होता, तो 2008 मध्ये बंद झाला. जुलै 2012 पासून नियम असा, की आईला अंघोळ, कपडे, जेवण स्वतःचं स्वतः करता येत नसलं पाहिजे, आणि मुलानं पैसे पाठवूनही इथं तिची काळजी घेणारं कोणी मिळत नसलं पाहिजे. आता जिला भाकरी थापता येते ती या नियमात बसत नाही. आणि जिला अंथरुणातून उठता येत नाही, तिला विमानात बसवायची कशी?

ऑस्ट्रेलियात साध्या पालक-व्हिसाची रांग 30 वर्षांच्या आसपास आहे, असं तिथलं सरकारच सांगतं. सत्तरीतल्या बाईनं ती रांग धरायची! दुसरी, थोडी लहान रांग आहे, पण तिला माणशी 48 हजार डॉलरच्या घरात फी.

आता काकूंचा कॅनडा. तिथं आईवडिलांना कायमचं बोलावण्याचे अर्ज खूप साचले, म्हणून नोव्हेंबर 2011 मध्ये नवे अर्ज घेणं थांबवलं आणि डिसेंबरपासून 'सुपर व्हिसा' आणला. त्यावर एका खेपेला दोन वर्षं राहता येई, जुलै 2022 पासून पाच वर्षं राहता येतं. मुलाची ठरावीक कमाई लागते, आईचा वर्षाचा किमान 1 लाख डॉलरचा आरोग्य विमा लागतो. नाव 'सुपर' असलं तरी हा पाहुण्याचाच व्हिसा, कायमचा नाही. तिथलं सरकारी आरोग्य कार्ड त्यावर मिळत नाही. कायमचं बोलावण्यासाठी 2020 मध्ये ज्या मुलांनी नावं नोंदवली, त्यांच्यातूनच 2025 पर्यंत सोडत निघत राहिली. काकूंच्या मुलानं तेव्हा नाव दिलंच नव्हतं.

एजंट ज्याला 'कायमचं' म्हणत होता ते हे. शेत विकून गेल्यावर पाच वर्षांनी परत यायची वेळ आली असती, तर काकू उतरणार कुठं? आम्ही मुलाशी फोनवर बोललो. तो वाईट नाही हो, त्यालाही नीट ठाऊक नव्हतं.

शेत आता वाट्यानं दिलंय, सातबारावर काकूंचं नाव तसंच आहे. आधी सहा महिने जाऊन थंडी सोसते का ते बघायचं ठरलंय. पासपोर्टसाठी जन्माचा दाखला नव्हता, पण काकूंच्या वयाला त्याऐवजी दुसरे कागद चालतात, आणि डिसेंबर 2016 पासून लग्नाच्या दाखल्याचीही सक्ती नाही. अडलं ते भलत्याच ठिकाणी. आधारवर सासरचं नाव आणि बँकेच्या पासबुकावर माहेरचं. त्या दुरुस्तीला काकू सोमवारी तालुक्याला येणार आहेत, आमच्यातली एक सोबत जाईल. त्यानंतर सोलापूरच्या पोस्टातलं पासपोर्ट केंद्र.