आमच्या घरातला गोकुळ : विसराळूपणाचा छोटासा इतिहास



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. दवाखाना बंद करायच्या वेळेला एक बाई आल्या. वय अठ्ठेचाळीस, बँकेत नोकरी. खुर्चीत बसता बसताच म्हणाल्या, "डॉक्टर, मला अल्झायमर झालाय का ते बघा." त्या आठवड्यात त्यांची छत्री उडुपी हॉटेलात राहिली होती, दुधाचं पातेलं करपलं होतं आणि एका संध्याकाळी विचारांच्या नादात माटुंगा स्टेशन मागे पडून गाडी शीवला पोचली होती. घरचे हसले. बाईंना मात्र दोन रात्री झोप लागली नव्हती.

त्यांना तपासलं आणि चिठ्ठी लिहायला पेन शोधू लागलो. ड्रॉवर पाहिला, फाइलींखाली पाहिलं. शेवटी बाईंनीच सांगितलं, "डॉक्टर, तुमच्या डाव्या हातात आहे." काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोघंही हसलो आणि त्यांची निम्मी भीती तिथंच गेली.

मी लहानपणापासून असाच आहे. तुमच्यापैकीही अनेकजण असतील. बाहेरून शांत, आत मात्र सतत काहीतरी चालू. अशा माणसांनी आपल्या विसराळूपणाकडे कसं बघावं, कधी हसावं आणि कधी घाबरावं, हे आज इतिहासाच्या मदतीने समजून घेऊया.

विसरभोळा गोकुळ

मराठी घरात कुणी सारखं विसरू लागलं की त्याला 'विसरभोळा गोकुळ' म्हणतात. हा गोकुळ आला राम गणेश गडकऱ्यांच्या 'प्रेमसंन्यास' या नाटकातून. नाटक शंभर वर्षांहून जुनं आणि विषय विधवाविवाहाचा, म्हणजे गंभीर. त्यात प्रेक्षकांना हसवायला गडकऱ्यांनी हा विसराळू नवरा घातला. आज नाटक पाहिलेले थोडे, पण गोकुळ घरोघरी आहे.

'विसरभोळा' हा शब्द मला फार आवडतो. त्यात राग नाही, माया आहे. माणूस विसरतो, पण भोळा आहे, मुद्दाम करत नाही. मात्र याच मायेच्या शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी झाकल्या जातात, आणि आमच्या घरात त्या तशा झाकल्या गेल्या. ते पुढे सांगतो.

विसरण्याचं मोजमाप

गडकऱ्यांचा जन्म १८८५चा. त्याच वर्षी जर्मनीत हर्मान एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने स्मरणशक्तीवरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याने प्रयोग केला तो स्वतःवरच. अर्थ नसलेली अक्षरं जुळवून त्यांच्या याद्या पाठ करायच्या आणि ठरावीक वेळाने किती टिकलं ते मोजायचं. त्याला दिसलं की पाठ केलेल्यातलं निम्म्याहून अधिक पहिल्या तासातच निसटतं. पुढे निसटण्याचा वेग मंदावतो, आणि जे उरतं ते बराच काळ टिकतं.

म्हणजे विसरणं हा मेंदूतला बिघाड नाही, ती त्याची रोजची कामाची पद्धत आहे. आज दादर स्टेशनवर पाहिलेला प्रत्येक चेहरा लक्षात राहिला असता तर उद्या स्वतःच्या घरचा पत्ता शोधणं अवघड झालं असतं.

फ्रँकफर्टची ती बाई

आता दुसरी बाजू. १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिला तपासणारे डॉक्टर होते अलॉइस अल्झायमर. नवऱ्याचं नाव विचारलं तर ती स्वतःचंच नाव सांगे. समोर धरलेल्या वस्तूंची नावं तिने सांगितली, पण थोड्या वेळाने काय काय दाखवलं होतं हे तिला आठवेना. १९०६ मध्ये ती वारली. अल्झायमरनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यात पेशी नष्ट झालेल्या होत्या, काही पेशींत तंतूंची गुंतवळ होती आणि बाहेर चिकट पदार्थाचे साठे होते. १९१०मध्ये क्रेपेलिन या ज्येष्ठ डॉक्टरांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं.

या शोधाने एक मोठी गोष्ट केली. 'म्हातारपणी असं व्हायचंच' या समजुतीतून एक आजार वेगळा काढला. पण त्या नावाचा धसकाही घरोघरी पोचला. आता छत्री विसरली तरी लोकांना तेच आठवतं!

मग छत्री का विसरते?

कुठलीही गोष्ट आठवायला तीन पायऱ्या लागतात: नोंद होणं, नोंद टिकणं आणि गरजेच्या वेळी ती सापडणं. अल्झायमरमध्ये सुरुवातीला मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागाला मोठा फटका बसतो. नव्या गोष्टींची पक्की नोंद करण्याचं काम याच भागाचं. त्यामुळे कालचं जेवण आठवत नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीचं लग्न आठवतं.

तुम्ही किल्ली कुठं ठेवली ते विसरता तेव्हा हिप्पोकॅम्पस बहुधा ठणठणीत असतो. किल्ली ठेवताना लक्षच दुसरीकडे होतं, म्हणून नोंद झाली नाही. जे वहीत लिहिलंच नाही, ते पानं चाळून कसं सापडणार?

आणि लक्ष कुठं होतं? २००१ साली अमेरिकेतल्या मार्कस रेकल या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की बाहेरचं काम नसतानाही मेंदू स्वस्थ बसत नाही. काही ठरावीक भाग उलट तेव्हाच जास्त काम करतात. त्याला 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' म्हणतात. आपल्या आठवणी, उद्याचे बेत, 'मी असं का बोललो' हे सगळं तिथं चालतं. २०१० साली हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २,२५० माणसांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारलं, 'आत्ता मन कुठं आहे?' जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. आपल्यासारख्या विचारांत बुडणाऱ्या माणसांचं हे आतलं दुकान जरा जास्त वेळ उघडं असतं, इतकंच.

गाठ, यादी आणि डबा

आपल्या पूर्वजांना यातलं काही माहीत नव्हतं, पण उपाय माहीत होता: डोक्यावर भार ठेवायचा नाही. आजी पदराला गाठ मारायची. आपण वाणसामानाची 'यादी' करतो, तो शब्दच फारसी 'याद'वरून आला. पेशवाईतल्या मोडी कागदांत 'यादी' हा कागदाचा एक प्रकारच आहे. म्हणजे मराठी माणूस कागदाच्या तुकड्याला शेकडो वर्षं 'आठवण' म्हणत आला आहे.

आपल्या मुंबईतलं सगळ्यात चांगलं उदाहरण डबेवाल्यांचं. महादू हावजी बच्चे यांनी सुमारे १८९०मध्ये ही सेवा सुरू केली. डबा घरून कचेरीत पोचेपर्यंत अनेक हातांतून जातो. कुठल्या स्टेशनवर उतरायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, हे सगळं झाकणावरच्या रंगीत खुणांत असतं. कुणी आठवत बसत नाही, खूण वाचतात. एखाद्याचं मन गावच्या शेतात गेलेलं असलं, तरी डबा नीट पोचतो.

आणि हे फक्त विसराळूंसाठी आहे असं समजू नका. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचं एक नवं मोठं विमान उडताच कोसळलं. वैमानिक अत्यंत अनुभवी होता. मागच्या पंखांची सुकाणू जागच्या जागी धरून ठेवणारं कुलूप उड्डाणापूर्वी काढायचं राहून गेलं होतं. त्यानंतर वैमानिकांनी कामांची लेखी यादी केली आणि ती वाचूनच विमान उडवायचं ठरलं. आमच्या व्यवसायाला हे शहाणपण उशिरा सुचलं. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेआधी वाचायची यादी तयार केली आणि दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९मध्ये निष्कर्ष आले. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं. निष्णात सर्जनसुद्धा विसरतात, आणि साध्या यादीने जीव वाचतात.

आमच्या घरातला गोकुळ

आता राहिलेलं सांगतो. आमच्या घरातला खरा गोकुळ म्हणजे माझे वडील. शाळेत गणित शिकवायचे. पेटत्या स्टोव्हवर आधण ठेवून भूमितीचं प्रमेय सोडवत बसायचे. एकदा मला दुकानाबाहेर उभं करून एकटेच घरी आले होते! आम्ही सगळे त्यांना हसायचो आणि तेही हसायचे.

पंचाहत्तरीनंतर ते एकच प्रश्न अर्ध्या तासात तीनदा विचारू लागले. आम्ही हसलो. लाइटचं बिल दोनदा भरलं. 'बाबा म्हणजे बाबाच' म्हणालो. मग एक दिवस फाइव्ह गार्डन्समधून, जिथं ते तीस वर्षं रोज फिरायला जात होते, त्यांना घराचा रस्ता सापडेना. ओळखीच्या फुलवाल्याने त्यांना घरी आणून सोडलं. त्या दिवशी मात्र मी हसलो नाही.

मी एम. डी. डॉक्टर. अशी लक्षणं दुसऱ्याच्या वडिलांत दिसली असती तर पहिल्याच भेटीत तपासण्या लिहून दिल्या असत्या. घरात मात्र वर्षभर नाटकातला गोकुळ बघत बसलो. ते वर्ष मिळालं असतं तर आजार बरा झाला असता का? नाही. अल्झायमर बरा करणारं औषध आजही नाही. पण त्या वर्षात ते स्वतः सांगू शकले असते, पैशाचे व्यवहार कुणी बघावेत, पुढे कुठं राहायला आवडेल, उपचार किती करावेत. नंतर आम्ही विचारलं तेव्हा ते नुसतं हसून बघायचे.

म्हणून मुद्दाम सांगतो. जन्माच्या विसराळू माणसात आजार सवयीमागे लपतो. त्याची तुलना शेजाऱ्याशी करू नका. त्याची तुलना त्याच्याच पाच वर्षांपूर्वीच्या वागण्याशी करा.

स्वतःला विचारायचे दोन प्रश्न

पहिला: तेव्हा माझं लक्ष होतं का? नसेल, तर ती नोंदच झालेली नाही. आठवण करून दिल्यावर "अरे हो!" होत असेल तर बहुधा काळजीचं कारण नाही.

दुसरा: हे माझं नेहमीचं आहे की नवं आहे? गाडी कुठं लावली हे विसरणं वेगळं आणि ओळखीच्या गल्लीत वाट चुकणं वेगळं. तेच तेच विचारणं, पैशांच्या हिशेबात नव्याने गोंधळ, नेहमीची भाजी करताना पायऱ्या चुकणं, साधे शब्द न सापडणं, स्वभाव बदलणं, आणि स्वतःपेक्षा घरच्यांना जास्त काळजी वाटणं, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांकडे जा. गोंधळ अचानक, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू झाला असेल, किंवा डोक्यावर पडल्यानंतर आला असेल, तर थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

घाबरून घरी बसू नका, कारण काही कारणं दुरुस्त होण्यासारखी असतात. थायरॉइड, नैराश्य, अपुरी झोप, घोरताना श्वास अडकणं, कमी ऐकू येणं, दारू, झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्या. आपल्या माटुंग्यात शाकाहारी कुटुंबं खूप आहेत, त्यामुळे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता मला सारखी दिसते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनीही ते तपासून घ्यावं.

माझे स्वतःचे उपाय

- किल्ली, चष्मा, पाकीट यांची घरात एकच जागा. दुसरी नाही.
- गॅस बंद करताना मोठ्याने म्हणतो, "गॅस बंद केला." रेल्वेच्या इंजिनातले चालक आणि सहचालक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात, ते याचसाठी. बोललं की लक्ष तिथं यावंच लागतं.
- सुचलेलं काम लगेच खिशातल्या वहीत. "लक्षात राहील" या वाक्यावर माझा विश्वास नाही.
- न्यायची वस्तू दारातल्या चपलांवर ठेवतो.
- हॉटेलातून, गाडीतून उठल्यावर एकदा मागे वळून बघतो.
- सात तास झोप. झोपेतच मेंदू दिवसभराच्या नोंदी पक्क्या करतो.

त्या बँकेतल्या बाईंच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या व्यवस्थित आल्या. बी-१२ कमी निघालं, ते सुरू केलं. छत्री त्यामुळेच राहिली असं मी म्हणणार नाही. घरी आजारी सासूबाई, मुलीची बारावी आणि पाच तासांची झोप, हेही होतंच. तीन महिन्यांनी परत आल्या तेव्हा बऱ्याच मोकळ्या दिसत होत्या. जाताना छत्री दवाखान्यातच ठेवून गेल्या. पाच मिनिटांनी स्वतःच परत आल्या आणि म्हणाल्या, "मागे वळून बघायचं राहिलं!"

तुमच्याही घरात एखादा गोकुळ असेल. त्याला जरूर हसा, त्यालाही तुमच्याबरोबर हसू द्या. फक्त अधूनमधून त्याच्याकडे नीट बघत जा. काळजी घ्या.