ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग

मसुरे गावात कुणी ‘तालुक्याक जातंय’ म्हणालं की तो मालवणास निघालाय हे वेगळं विचारावं लागत नाही. हा ‘तालुका’ शब्द अरबी ‘तअल्लुक’च्या घरातला. मूळ अर्थ लटकणं, जोडलेलं असणं. उर्दू शायर ‘तअल्लुक’ दोन जिवांच्या नात्यासाठी वापरतात. फारसी दफ्तरांनी मात्र वसुलीपुरता कुणाकडे जोडून दिलेला मुलूख त्यात बसवला. अवधात त्यावरून बडे तालुकदार झाले. आपल्याकडे नुसती हद्द उरली.

गंमत हद्दीचीच. गड नदीच्या अलीकडे सावंत घराण्याचा भरतगड, पलीकडे बावडेकर घराण्याचा भगवंतगड. एकमेकांवर डोळा ठेवून बांधलेले हे गड आज एकाच तालुक्यात नांदतात!

‘जिल्हा’ म्हणजे अरबीत बरगडी, मग बाजू. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीची दक्षिण बाजू निघून सिंधुदुर्ग झाला, तेव्हा शब्द मुळाला जागला म्हणायचा. ‘तहसील’ ही महसूल, हासील यांची सख्खी बहीण, अर्थ वसुली. कचेरीच्या पाटीवर ती असते, बोलण्यात मात्र तालुकाच. कबड्डी तालुकास्तरीय, पुढारी तालुकाध्यक्ष, आणि लग्नपत्रिकेत मसुऱ्यापुढे ‘ता.’ एवढंच अक्षर.